15 खोल्यांच्या हॉटेलचे एसी-गिझर ग्रिडच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याच्या, इशाऱ्यांशी जोडून बिल खरंच कमी होतं का?

होतं. पण युनिट फारसे वाचत नाहीत, वापराची वेळ सरकते, पैसे तिथे वाचतात. 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार 10 किलोवॅटवरच्या व्यावसायिक ग्राहकाला सर्वाधिक मागणीच्या वेळी वीज नेहमीच्या दराच्या किमान 1.2 पट दराने आणि उन्हाच्या तासांत किमान 20 टक्के स्वस्त मिळायला हवी. मालवणच्या आमच्या लॉजवर पाण्याचा पंप आणि गिझर टायमरवर दुपारीच चालतात. सुरमईचा फ्रीझर तेव्हाच कडक गोठवून ठेवतो. संध्याकाळी दोन तास बंद, झाकणाला हात लावायचा नाही. ग्रिडचा इशारा आला की आपोआप वीजवापर कमी करायला ‘ओपनएडीआर’ हे संदेशांचं मानक आहे, पण तुमच्या 15 खोल्यांना ते कशाला? आणि टायमरचं स्विच-पॅनल खाऱ्या वाऱ्यापासून आत बसवा. आमचे पहिले कॉन्टॅक्टर (वीज चालू-बंद करणारे स्विच) एकाच पावसाळ्यात गंजले.