चॅम्पियनची पुढची जोड कोण लावतं?

प्रश्न : खासबागेत कुस्तीची जोड वस्ताद नि संयोजक मिळून लावतात. हेवीवेट बॉक्सिंगचा चॅम्पियन पुढचा प्रतिस्पर्धी मनाला येईल तसा निवडतो का?
– एक वाचक, गंगावेश, कोल्हापूर

उत्तर : निवडतो, पण सक्तीच्या लढतीची वेळ येईपर्यंतच. पट्टे चार संघटनांचे : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीची क्रमवारी वेगळी, प्रत्येकीचा 'मँडेटरी', म्हणजे ज्याच्याशी लढावंच लागतं असा, आव्हानवीर वेगळा. त्याच्याशी लढायची मुदत भरेपर्यंत क्रमवारीतला दुसरा कुणीही चालतो. तिथं तिकीटविक्री नि टीव्हीचा पैसा बोलतो. मुदत भरली की वाटाघाटी. त्या फिसकटल्या, तर प्रमोटरांच्या बोली उघडतात आणि मोठ्या बोलीवाला लढत भरवतो. चॅम्पियन तरीही नाही म्हणाला, तर पट्टा जातो. चारही पट्टे एकाकडं आले की खरा घोळ. मे 2024 मध्ये उसिकनं फ्युरीला हरवून ते एकत्र केले. पण फ्युरीशी पुन्हा लढायचं ठरलेलं, आयबीएफच्या आव्हानवीराशी लढता येईना, म्हणून महिना-दीड महिन्यात आयबीएफचा पट्टा सोडावा लागला.

जोड लावताना बघायचं ते उंची, हाताचा पल्ला आणि डावखुरेपणा. डावखुऱ्यासमोर पुढचे पाय एकमेकांत अडकतात, म्हणून आठ-दहा आठवडे सरावालाही डावखुरेच लागतात. ऐनवेळी बदललेला गडी म्हणूनच महागात पडतो. 2019 मध्ये मिलर उत्तेजक चाचणीत अडकला, चॅम्पियन जोशुआसमोर त्याच्या जागी रुईझ आला. पोट सुटलेला, पण हात विजेसारखे. जोशुआ सातव्या फेरीत हरला.