थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच ४.९ आलंय, रिपोर्टवरची नॉर्मल रेंज ४.५ पर्यंत आहे. आकड्यापुढे ठळक एच (हाय) छापलाय, तो बघून झोपच उडालीय. म्हणजे मला थायरॉईड आहे का? ही रेंज ठरवतात कशी?

मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आकड्यापुढचा ठळक एच बघून तुमची झोप उडाली म्हणताय, तर आमच्या काउंटरवर असे रोज दोघं-तिघं येतात, एक काका तर त्या एचला लाल पेनाने गोल करून घेऊन आले होते.

रेंज काढायला धडधाकट माणसं गोळा करतात, निदान १२० तरी, आणि त्यांच्या आकड्यांतले मधले ९५ टक्के ठेवतात. आकड्यांचा आलेख घंटेसारखा असेल, मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ एसडी (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप), आम्ही तोंडी दोनच म्हणतो. म्हणजे १०० निरोगी माणसांतले ५ बाहेर पडणारच, ठरवलंच तसंय ना! त्यात फुल बॉडी पॅकेजमध्ये २० टेस्ट, एकमेकींशी संबंध नाही असं धरलं तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवरही एखादा एच नाहीतर एल (लो) उमटायची शक्यता ६४ टक्के. टीएसएच तर घंटेत नीट बसतही नाही, उजवीकडे लांब शेपूट असतं, म्हणून आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घेतात म्हणजे शेपूट आखडतं, किंवा सरळ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण त्या आकड्याच्या खाली आहेत ते बघतात.

खरा घोळ पुढेच आहे. आजारी लोकांची घंटा वेगळी, आणि दोन्ही घंटा एकमेकींत घुसलेल्या. समजा निरोगींची सरासरी १००, आजारींची १३०, एसडी दोन्हीकडे १०. १२० वर रेघ मारली तर निरोगींतले दोन-सव्वादोन टक्केच उगाच घाबरतील, पण आजारींतले १६ टक्के निसटतील. ११५ वर आणली की दोन्हीकडे साधारण ७. बरं वाटतं ऐकायला, पण १००० जणांचं शिबिर घ्या ज्यात आजारी फक्त १०, तर ९ सापडतील आणि त्यांच्यासोबत ६६ चांगली माणसं पकडली जातील. कुठली चूक जास्त महागात पडेल हे घंटेला काय माहीत, ते माणसालाच ठरवावं लागतं. म्हणून हार्ट अटॅकमध्ये रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनला ९९वा पर्सेंटाइल धरतात, हाडांची घनता सांगणाऱ्या टी-स्कोअरला तरुण बायकांच्या सरासरीच्या २.५ एसडी खाली, आणि उपाशीपोटी साखरेचा १२६ तर घंटेवरून आलेलाच नाही, त्याच्या आसपास डोळ्याच्या पडद्याचा त्रास वाढताना दिसतो म्हणून आलाय.

तुमचं म्हणाल तर टीएसएच रात्री चढतं, दुपारी उतरतं, त्यामुळे काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये त्याच वेळेला परत करा, सोबत फ्री टी-फोर (थायरॉईड ग्रंथीचा स्वतःचा हार्मोन), आणि दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी सुरू करू नका. फक्त प्रेग्नंट असाल तर थांबू नका, आजच फोन करा, तिथे रेंजच वेगळी असते.