सोशल ॲपमध्ये कार्यक्रम तयार करणं सोपं कसं करता येईल? आमचा चार पायऱ्यांचा फॉर्म लोक अर्ध्यावर सोडून जातात. चाराच्या तीन पायऱ्या केल्या तर फरक पडेल का?

चाराच्या तीन पायऱ्या केल्या तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. थोडाफार पडेल. पण मी तुमच्या जागी असतो तर आधी पायऱ्या मोजल्या नसत्या. तुमच्या ॲपवर येणारी माणसं आज, तुमच्या ॲपशिवाय, चार डोकी कशी जमवतात ते बघितलं असतं.

मी पुण्यात ट्रेकवाल्यांसाठीच्या एका छोट्या ॲपवर काम करत होतो. आमच्या फॉर्ममध्ये १४ रकाने होते. नाव, प्रकार, उपप्रकार, फोटो, सुरुवात, शेवट, ठिकाण, किती जण, पैसे किती, कोणाला दिसावं, असं बरंच. एकही रकाना उगाच आलेला नव्हता, प्रत्येकामागे कुणाचा तरी आग्रह होता. एकदा एका ग्रुपचे ट्रेक ठरवणाऱ्या काकांच्या शेजारी बसलो. फोन त्यांच्या हातात, मी गप्प. (हे गप्प बसणं फार अवघड असतं, जीभ सारखी वळवळते.) काकांनी नाव टाकलं, ‘राजमाची’. पुढे ‘प्रकार’: साहस, निसर्ग, प्रवास, आरोग्य. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “यातलं सगळंच आहे की रे.” मग फोटो मागितला. गॅलरीत शिरले, नातवाच्या बारशाचे फोटो दिसले, ते मला दाखवले. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. बोलून परत आले तर फॉर्म कोरा. काका काही बोलले नाहीत. व्हॉट्सॲप उघडलं आणि लिहिलं: ‘राजमाची, काजवे. शनिवारी रात्री १२, नळ स्टॉप. येणाऱ्यांनी खाली नावं टाका.’ संपलं.

त्या दिवशी मला कळलं की कार्यक्रम त्या एका ओळीतच तयार झालेला असतो. काय, कधी, कुठे. बाकीचं सगळं नंतर विचारता येतं, आणि पुष्कळदा विचारावंच लागत नाही. आम्ही मग एकच मोकळा रकाना ठेवला. लिहिलेल्या ओळीतून तारीख, वेळ आणि जागा ॲपनेच ओळखायची, खाली छोटं कार्ड दाखवायचं, चुकलं असेल तर त्यावर बोट ठेवून दुरुस्त करायचं. ‘साडेपाच’, ‘परवा’, ‘येत्या रविवारी’ हे शब्द ओळखायला फार मोठी अक्कल लागत नाही, शंभरेक नियमांत भागतं.

‘शेवटची वेळ’ सक्तीची ठेवली असेल तर आजच काढा. ट्रेक कधी संपेल ते आयोजकाला ठाऊक नसतं, म्हणून तो काहीतरी ठोकून देतो. कॅलेंडरच्या नोंदी एका ॲपमधून दुसऱ्यात नेण्यासाठी जे मानक वापरतात, २००९ चं आरएफसी ५५४५, त्यातसुद्धा शेवटची वेळ ऐच्छिक आहे. इतकंच काय, कार्यक्रमाचं नावही तिथे सक्तीचं नाही! मग आपण कशाला अडवायचं?

आता त्या ओळीतले खड्डे, कारण तुमचं ॲप कामाला येणार ते तिथेच. पहिला खड्डा ‘शनिवारी रात्री १२’. माणसाच्या हिशोबात ही शनिवारची रात्र, संगणकाच्या हिशोबात शनिवार सुरू होतानाचे शून्य वाजले, म्हणजे शुक्रवारची रात्र. आमच्याकडे हे खरंच घडलं. दोघं जण एक दिवस आधी, सॅक पाठीला लावून, नळ स्टॉपला तासभर उभे होते. त्यांचे फोन अजून कानात आहेत. मग आम्ही एवढंच केलं: वेळ रात्री १२ ते पहाटे ४ च्या मधली असेल तरच विचारायचं, ‘शुक्रवारी जेवून निघायचं की शनिवारी जेवून?’ ‘जेवून’ हा शब्द घातल्यापासून कुणी चुकलं नाही. तारखा दाखवत होतो तेव्हा लोक न वाचताच ‘हो’ दाबायचे.

दुसरा खड्डा ठिकाणाचा. राजमाचीला लोणावळ्याकडून जाता येतं आणि कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहूनही. नुसतं ‘राजमाची’ लिहिलं की मुंबईचा माणूस कर्जतला उतरणार आणि पुणेकर लोणावळ्यात वाट बघणार. जमायची जागा आणि जायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण म्हणून दोन रकाने सुरुवातीलाच दाखवू नका. पहिल्या माणसाने ‘येतोय’ दाबलं की आयोजकाला विचारा, ‘कुठे भेटायचं?’ कोणीतरी येतंय हे दिसल्यावर तो आनंदाने भरतो.

तिसरा नावांच्या यादीचा. व्हॉट्सॲपवर यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव जोडायचं आणि परत टाकायची. दोघांनी एकदम कॉपी केली की एकाचं नाव उडतं आणि बसमध्ये जागेवरून भांडण. २०२४ मध्ये व्हॉट्सॲपनेही कार्यक्रमांची सोय आणली, तरी ही यादी माझ्या ग्रुपमधून हटलेली नाही. तुमच्या ॲपने फक्त ही यादी नीट सांभाळली तरी माणसं येतील.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या कार्यक्रमांसाठी ‘दर आठवड्याला / दर महिन्याला’ असा मेनू तुम्ही केला असेलच. तो आपल्याकडे अर्धवट चालतो. भजनी मंडळ संकष्टीला जमतं, आणि संकष्टी ना ठराविक तारखेला येते, ना ठराविक वाराला. तिथीचं गणित लिहीत बसू नका. ‘मागचाच पुन्हा करा’ असं बटण द्या, ज्यात फक्त दिवस बदलायचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापर याच बटणाचा झाला.

आणखी एक. माणूस शेवटच्या बटणाशी थांबत असेल तर दोष फॉर्मचा नसतो, त्याला भीती वाटत असते. ‘प्रकाशित करा’ असं लिहिलेलं बटण दाबलं की २०० लोकांचे फोन वाजणार, आणि चुकलं तर? आम्ही बटणावर ‘ग्रुपला सांगा’ लिहिलं, खाली बारीक अक्षरात ‘नंतर बदलता येईल’, आणि पहिली दोन मिनिटं कुणालाच सूचना जाऊ दिली नाही. वेळ किंवा जागा बदलली तरच पुन्हा फोन वाजायचा, फोटो बदलला तर नाही. आणि अक्षर टाइप झालं की लगेच फोनमध्येच साठवा. मधे फोन येतो, अँड्रॉइड मागे पडलेलं ॲप बंद करतं, आणि काकांसारखा माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

तुमच्या चार पायऱ्यांत काय काय विचारता ते इथे लिहा. कुठला रकाना आधी काढायचा ते बघून सांगतो. ‘प्रकार’ असेल तर मात्र माझ्या उत्तरासाठी थांबू नका.