थॅलेसेमिया मायनर निघालं, आता सोयरीक मोडेल का हो?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच, म्हणून परवाचीच केस सांगते (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत).

कोथरूडच्या मायलेकी. मुलगी हिंजवडीत आयटीला, साखरपुडा झालेला, कार्यालय बुक. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये काहीतरी खटकलं म्हणून डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करायला सांगितली आणि रिपोर्टवर आलं 'थॅलेसेमिया मायनर', म्हणजे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जीनच्या जोडीतला एक बिघडलेला. काकूंनी चितळ्यांच्या पिशवीतून फाईल काढली, ती उघडायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, हे मुलाकडच्यांना सांगायलाच पाहिजे का? पत्रिकेत २८ गुण जुळलेत हो."

मुलगी खिडकीबाहेर बघत बसलेली.

मी आधी सीबीसी बघितला. एचबी १०.२, पण एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) फक्त ६४ आणि लाल पेशींची संख्या ५६ लाख. म्हणजे पेशी भरपूर पण बारक्या बारक्या. नुसतं लोह कमी असलं की बहुतेक वेळा पेशींची संख्याही घटते, इथे उलटं होतं. एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) आलेलं ५.४ टक्के, साधारण साडेतीनच्या वर गेलं की मायनर धरतात. आणि ही बिचारी कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या खातीये, 'पोरगी अशक्त आहे' म्हणून, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एकदाही कुणी तपासलेलं नाही! याचा मला फार राग येतो, कारण लोह कमी नसताना उगाच गोळ्या खाऊन मायनरवाल्याचं एचबी काही वाढत नाही.

"आमच्यात नाही हो असलं काही, हे सिंधी-पंजाबी लोकांत असतं ना?" काकू म्हणाल्या. प्रमाण तिकडे जास्त आहे हे खरं, पण भारतात साधारण शंभरातले तीनचार जण मायनर असतात आणि जीन काही आडनाव विचारून येत नाही.

मग मुलगी पहिल्यांदा बोलली, "पण आता यावर जीन एडिटिंगची ट्रीटमेंट आलीये ना? काकांनी ग्रुपवर टाकलं होतं." बातमी खोटी नाही. कॅसजेव्ही नावाची क्रिस्पर थेरपी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मंजूर केली आणि थॅलेसेमियासाठी अमेरिकेने जानेवारी २०२४ मध्ये. पेशंटच्याच स्टेम सेल काढतात, बीसीएल११ए नावाच्या जीनचं बटण बंद करतात, मग बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनतं ते परत बनायला लागतं. पण त्या पेशी परत सोडायच्या आधी कडक केमो देऊन बोन मॅरो रिकामा करावा लागतो आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, रुपये नव्हे. हे सगळं मेजरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या जोडीतले दोन्ही जीन बिघडलेत आणि ज्यांना दर दोनचार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मी तिला म्हटलं, तुला तर आजारच नाही, बरं काय करायचं? शिवाय बिघडलेला जीन तसाच राहतो, ही ट्रीटमेंट घेतलेल्या माणसाकडूनसुद्धा तो मुलांकडे जाऊ शकतो. हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं.

तेव्हा प्रश्न एकच उरला, मुलाचं काय? तो नॉर्मल असेल तर पोरांना फार तर मायनर. दोघंही मायनर असतील तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता मेजरची, आणि ती दर वेळी नव्याने, पहिलं चांगलं झालं म्हणून दुसरं सुटलं असं नाही. तरीही लग्न मोडायचं कारण नाही, अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा (प्लॅसेंटाचा) बारीक तुकडा घेऊन बाळ मेजर आहे का ते तपासता येतं. पण त्यासाठी आधी माहीत पाहिजे ना. लपवलं तर सगळंच हुकतं.

"मीच सांगते त्याला," मुलगी म्हणाली. काकूंनी पदर तोंडाला लावला.

शनिवारी तो ऍक्टिव्हावरून आला, रक्त देऊन गेला, हेल्मेट विसरला म्हणून परत आला. एचबीए२ २.६, सीबीसी पण व्यवस्थित. काकू आनंदाने पेढे घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, आता हिच्याकडे हे कुणाकडून आलं ते बघू, हिच्या धाकट्या भावाचीही टेस्ट करा. हिच्या बाबांचा रिपोर्ट नॉर्मल. काकूंचं एचबीए२ ५.१!

रिपोर्ट हातात धरून त्या बराच वेळ बसल्या आणि मग एकदम हसायलाच लागल्या. "म्हणजे तीस वर्षं मीच गोळ्या खातीये आणि नाव हिच्यावर!"