पिवळ्या मुंग्या, रानातलं बी आणि फोरेटची पुडी

प्रश्न (शहापूर, मुरबाड भागातून): आंब्याच्या कलमांपाशी लांब पायांच्या पिवळसर मुंग्या फार झाल्यात. दुकानदार फोरेट हे कीटकनाशक टाका म्हणतो. बागेलगतच्या रानात बियांपासून रोपंही कमी दिसतात. याचा मुंग्यांशी संबंध आहे का?

उत्तर: फोरेट टाकू नका. 31 डिसेंबर 2020 पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. जुना माल खपवायला कुणी पुडी हातात ठेवली तर परत करा. ते विष जमिनीतल्या देशी मुंग्याही मारतं, आणि पावसात शहापूरच्या ओढ्यांतून तानसा-भातसा धरणांकडे वाहतं. दुप्पट डोस म्हणजे दुप्पट नुकसान.

रोपांशी संबंध असू शकतो. एरंडाच्या बीला टोकाशी मऊ गाठ असते ती पाहिलीच असेल. रानातल्या कित्येक झाडांच्या बीला असा तेलकट गर असतो. देशी मुंग्या गरासाठी बी वारुळात नेतात, गर खातात, बी मातीत सुरक्षित राहतं. परक्या मुंग्या बऱ्याचदा गर जागेवरच कुरतडतात, बी उघड्यावर टाकतात, मग उंदीर ते फस्त करतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागात अर्जेंटिनाच्या मुंगीमुळे एका झुडपाची उगवण 35.3 टक्क्यांवरून 0.7 टक्क्यांवर आल्याची नोंद 1984 ची आहे. आपल्याकडची पिवळी मुंगी वेगळी, पण देशी मुंग्यांना हुसकावते तीही.

तिला पोसतो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, त्याच्या गोड चिकट स्रावावर ती वाढते. म्हणून आधी तो आवरा. डिसेंबरमध्येच बुंध्याला 25 सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून वर ग्रीस लावा. ढेकणाची पिल्लं वर चढल्यावर पट्टीचा उपयोग नाही. सायंकाळी, हवेत दमटपणा असताना व्हर्टिसिलियम (कीड मारणारी बुरशी) लिटरला 5 ग्रॅम फवारा.

आमिष: लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम बोरिक ॲसिड. जास्त घालू नका! मुंगी वाटेतच मेली तर राणीपर्यंत काही पोचत नाही, आणि या मुंगीच्या एका वसाहतीत राण्या पुष्कळ असतात. भोकं पाडलेल्या बंद डब्यात, कोरड्या दिवसांत, मुलं आणि गुरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. पावसाळ्यात नको. पानं जोडून घरटं करणारी तांबडी ओंबील मात्र मारू नका, ती बागेची राखणदार आहे.

नवी कलमं आणाल तेव्हा पिशवी उचलून खालची माती बघा, मुंग्या दिसल्या तर ते कलम नर्सरीतच सोडा.