वाचकांचे प्रश्न : फुटलं नाही म्हणून हेल्मेट चालतंय का?

प्रश्न : सर, मी चिंचोळी एमआयडीसीत शेड उभारायच्या कामावर आहे. मुकादमानं पिवळं हेल्मेट दिलंय, आधी कोण वापरत होतं माहीत नाही, रंग पार उडालाय. मागच्या आठवड्यात जेवायला बसलो तेव्हा ते खाली ठेवलं होतं आणि वरून परांचीचा लोखंडी क्लॅम्प त्याच्यावर पडला. नीट चरा पण दिसत नाही. ठेकेदार म्हणतो फुटलं नाही ना, मग चालतंय की. खरंच चालतंय का? आणि ऊन लई असतंय म्हणून टॉवेल गुंडाळून वर हेल्मेट घातलं तर?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही चालत. क्लॅम्प पडला तिथंच त्या हेल्मेटचं काम संपलं, ते डोक्यावर होतं की जमिनीवर याने फरक पडत नाही. मार खाल्लेल्या प्लास्टिकला आतून बारीक तडे जातात, ते डोळ्याला दिसतीलच असं नाही, आणि पुढचा मार तुमच्या डोक्यावर असताना बसला म्हणजे झालं. ठेकेदाराला स्पष्ट सांगा, नवीन द्यायची जबाबदारी त्याचीच आहे, पगारातून पैसे कापायचा विषयच नाही.

आता रंग उडाल्याचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि दिवसभर उघड्यावर काम, गच्चीवर पडून राहिलेली प्लास्टिकची बादली दोन उन्हाळ्यात कशी होते ते बघितलंच असेल, तसंच हे. चकाकी गेली, पांढरट पडलं, बोट फिरवल्यावर भुकटी लागली तर टाका. दोन्ही हातांनी बाजू दाबून बघा, दाबलं की कडकड वाजलं किंवा सोडल्यावर झटकन जागेवर आलं नाही तरी टाका.

वय कळायला हेल्मेट उलटं करा. पुढच्या छज्जाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा घड्याळासारखं छोटं गोल असतं, कडेनं १ ते १२ आकडे म्हणजे महिने, बाण ज्या आकड्यावर तो महिना, मधे वर्ष. जवळच आयएसआयचा शिक्का आणि आयएस २९२५ हा नंबर दिसला पाहिजे. बऱ्याच कंपन्या वरचं कवच जास्तीत जास्त ५ वर्षं आणि आतला पट्ट्यांचा सांगाडा साधारण वर्षभर वापरा म्हणतात, उन्हातल्या कामाला त्याच्याही आधी. आणि खरं सांगू का, कवचाकडं सगळे बघतात, पट्ट्यांकडं कोणी बघत नाही. मार झेलून पसरवतात ते पट्टे. घाम आणि तेलानं ते कडक होतात, शिवण उसवते, मागची फिरकी घसरायला लागते. पट्टे वेगळे मिळतात, पण त्याच कंपनीचे त्याच मॉडेलचे घ्या.

पट्टे आणि कवच यांच्यात जी मोकळी जागा असते ती मुद्दाम ठेवलेली असते. तिथं लोक तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, मोबाईलसुद्धा ठेवतात, मग मार थेट कवटीला. टॉवेलचं पण तेच, आपला सोलापुरी टॉवेल चांगला जाड, तो गुंडाळला की हेल्मेट डोक्यावर बसतच नाही, वर तरंगतं आणि वाकलं की पडतं. टॉवेल मानेवर घ्या, हेल्मेटखाली नको.

धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण, सावलीत वाळवा. पेंटचे डाग काढायला थिनर, पेट्रोल अजिबात नको, प्लास्टिक आतून कमजोर होतं. नाव घालायला ऑइल पेंट पण नको, आणि वायर घालायला म्हणून भोक तर पाडूच नका. त्याच्यावर बसू नका, त्यात वाळू भरू नका (हे रोज बघतो म्हणून लिहितोय). जुनं टाकताना पट्टे कापूनच टाका, नाहीतर भंगारातून परत कुणाच्या तरी डोक्यावर येतंय.

प्रश्न : हेच पिवळं हेल्मेट घालून होटगी रोडनं गाडीवर गेलं तर पोलीस अडवतात का?
– दुसरे वाचक

उत्तर : अडवलं तर त्यांचं बरोबरच आहे. गाडीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ लागतं, त्यात आत जाड थर्माकोलचा थर असतो, साइटच्या टोपीत तो नाही. ती वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे, घसरून रस्त्यावर आपटण्यासाठी नाही. मोटार वाहन कायद्यात दंड १००० रुपये आहे, शिवाय लायसन्स ३ महिने जाऊ शकतं. उलटं पण करू नका, गाडीचं हेल्मेट घालून साइटवर राहिलात तर उकडून जाल आणि वरचा माणूस ओरडला तरी ऐकू येणार नाही.