विंडोजचा सिम्युलेशन गेम मॅकवर अडखळतो, ग्राफिक्स कमी करूनही फरक पडत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम२ मॅकबुक एअर, १६ जीबी मेमरी, क्रॉसओव्हर (विंडोजचे प्रोग्राम मॅकवर चालवणारं ॲप) वापरून ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ हा शहर वसवण्याचा गेम. शहर लहान होतं तोवर गेम बरा चालला, आता अडखळतो. ग्राफिक्स ‘लो’ करूनही फार फरक पडला नाही. पॅरलल्स, म्हणजे मॅकच्या आत अख्खं विंडोज चालवणारं ॲप, घेऊन त्यात विंडोज टाकावं का?

पॅरलल्स घेऊ नका. कारण पुढे देतो, पण त्याआधी तुमच्याच प्रश्नातलं एक वाक्य महत्त्वाचं आहे. ग्राफिक्स उतरवूनही फरक पडत नसेल, तर अडचण बहुधा ग्राफिक्समध्ये नाहीच. मारधाडीच्या गेममध्ये बहुतेक भार चित्र काढण्यावर असतो. शहर वसवण्याच्या गेममध्ये प्रत्येक नागरिकाचा रस्ता, प्रत्येक गाडीचं वळण, वीज, पाणी, नोकऱ्या यांचा हिशेब सीपीयू (मुख्य प्रोसेसर) सतत करत असतो, आणि शहर वाढलं की तो हिशेब वाढतो. म्हणून आधी भार कुठे येतोय ते शोधा, सेटिंग नंतर बदला.

शोधायची रीत सोपी आहे. चाचणीपुरता गेम विंडो मोडमध्ये चालवा, शेजारी ॲक्टिव्हिटी मॉनिटर (कशावर किती भार आहे ते दाखवणारं मॅकमधलंच ॲप) उघडा आणि कमांड व ४ दाबून जीपीयूचा, म्हणजे चित्र काढणाऱ्या प्रोसेसरचा, आलेख समोर ठेवा. शहराच्या गजबजलेल्या भागावर कॅमेरा स्थिर ठेवून गेम पॉज करा. पॉज केल्यावर कॅमेरा लोण्यासारखा फिरू लागला, तर दोष सिम्युलेशनचा, म्हणजे सीपीयूचा. पॉज करूनही तसाच अडखळत असेल आणि जीपीयूचा आलेख सतत भरलेला असेल, तर दोष चित्राचा. पहिली १५-२० मिनिटं ठीक आणि मग हळूहळू मंद होत असेल तर उष्णता. आणि ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये खालचा मेमरी प्रेशरचा आलेख पिवळा किंवा लाल होत असेल तर मेमरी अपुरी पडतेय.

सीपीयूचा आकडा वाचताना अनेकांची गल्लत होते. ॲक्टिव्हिटी मॉनिटर प्रत्येक कोअरचे (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकाचे) १०० टक्के धरतो, म्हणजे तुमच्या आठ कोअरच्या मशीनची कमाल ८०० टक्के. जुने सिम्युलेशन गेम मुख्य काम एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) ढकलतात. त्यांचा आकडा १२० टक्के दिसला की ‘सीपीयू तर मोकळाच आहे’ असं वाटतं. प्रत्यक्षात एक कोअर पूर्ण दमलेला असतो आणि बाकीचे त्याची वाट बघत असतात. ‘स्कायलाइन्स २’ काम अनेक थ्रेडमध्ये वाटतो, त्यामुळे त्याचा आकडा बराच वर जाईल.

आता क्रॉसओव्हर. एम मालिकेच्या मॅकवर विंडोजचा गेम चालताना तीन भाषांतरं एकावर एक होतात. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला कोड ॲपलचा रोझेटा २ मॅकच्या चिपला कळणाऱ्या एआरएम भाषेत आणतो, गेमने विंडोजला मारलेल्या हाका क्रॉसओव्हरमधला वाइन हा थर मॅकओएसपर्यंत पोचवतो, आणि डायरेक्टएक्सची (विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेची) चित्रकला मेटलमध्ये (ॲपलच्या ग्राफिक्स यंत्रणेत) नेण्यासाठी तिसरा थर लागतो. हा तिसरा थर तुम्ही निवडू शकता. बॉटलच्या (क्रॉसओव्हरमध्ये गेम ज्या कप्प्यात बसवलेला असतो त्याच्या) ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सखाली डी३डीमेटल, डीएक्सएमटी आणि डीएक्सव्हीके असे पर्याय दिसतील. डी३डीमेटल ॲपलचा आहे, २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिटसोबत आला, आणि डायरेक्टएक्स ११ व १२ दोन्ही सांभाळतो. डीएक्सएमटी डायरेक्टएक्स ११ साठी आहे. तुमचा गेम ११ वर चालतो, म्हणून दोन्ही करून बघा. डीएक्सव्हीके शेवटी ठेवा: तो आधी व्हल्कन या आणखी एका ग्राफिक्स यंत्रणेत आणि मग मेटलमध्ये असं दुहेरी भाषांतर करतो.

त्याच पानावर सिंक्रोनायझेशनचा पर्याय आहे आणि सिम्युलेशनसाठी तो सर्वांत जास्त दुर्लक्षित असतो. अनेक थ्रेड एकमेकांसाठी थांबतात तेव्हा वाइन दर वेळी आपल्या सर्व्हर प्रोसेसला विचारत बसतो. एमसिंक लावला की हे थांबणं-सुटणं मॅकओएसच्या स्वतःच्या यंत्रणेवरून होतं आणि बहुतेक फेऱ्या वाचतात. एमसिंक चालू करा. गेम लोड होताना गोठला तर ईसिंक वापरा. एक काळजी घ्या: बदल केल्यावर फक्त गेम बंद करून भागत नाही. त्या बॉटलमधलं स्टीम (गेम विकत घेण्याचं व चालवण्याचं ॲप) सुद्धा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं, नाहीतर जुनीच सेटिंग चालू राहते आणि ‘काही फरक पडला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

हाय रिझोल्यूशन मोड बंद ठेवा. तुमचा एअर १३ इंची असेल तर पडदा २५६० × १६६४ चा आहे, म्हणजे सुमारे ४२.६ लाख पिक्सेल. गेममध्ये १२८० × ८३२ ठेवलं तर बरोबर एक चतुर्थांश पिक्सेल काढावे लागतात. अक्षरं थोडी जाड दिसतील, पण जीपीयूवरचा भार एवढा कमी करणारी दुसरी सेटिंग नाही.

गेमच्या आतलं सांगायचं तर, ऑक्टोबर २०२३ मध्ये हा गेम आला तेव्हा निर्मात्यांनी स्वतःच रिझोल्यूशन उतरवा, डेप्थ ऑफ फील्ड व व्हॉल्युमेट्रिक्स बंद करा आणि ग्लोबल इल्युमिनेशन कमी करा असं सुचवलं होतं. मॅकवर ते तंतोतंत लागू पडतं. मोशन ब्लरही काढा. लेव्हल ऑफ डिटेल खाली आणा: सुरुवातीच्या आवृत्तीत नागरिकांच्या मॉडेलमध्ये दातसुद्धा वेगळे घडवलेले होते, आणि दुरून दाखवायला हलकी आवृत्ती नव्हती. यावरून तपशिलाचा भार किती असू शकतो ते लक्षात येईल. टेक्स्चरची (पृष्ठभागांवर चिकटवलेल्या चित्रांची) गुणवत्ता मात्र फ्रेमपेक्षा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यापेक्षा) मेमरीवर जास्त परिणाम करते. मॅकमध्ये सीपीयू आणि जीपीयू एकाच मेमरीतून खातात, म्हणून ८ जीबीवाल्यांनी सर्वांत आधी तीच कमी करावी.

तुमच्या तक्रारीशी थेट संबंध असलेला पर्याय वेगळाच आहे. गेमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स प्रेफरन्स म्हणून निवड आहे: फ्रेम रेट, समतोल, की सिम्युलेशनचा वेग. फ्रेम रेट निवडला तर घड्याळ मंदावेल पण कॅमेरा आणि क्लिक सुरळीत राहतील. मोठ्या शहरासाठी मी हाच निवडायला सांगेन, कारण रस्ता आखताना हात अडखळणं हे घड्याळ सावकाश चालण्यापेक्षा जास्त त्रासदायक असतं. वेग एकपटीवर ठेवा. सीपीयू आधीच भरलेला असेल तर सर्वांत वेगाचं बटण दाबून शहर त्या वेगाने चालत नाही, फक्त ओढाताण वाढते. ऑटोसेव्हचं अंतरही वाढवा. दर पाच मिनिटांनी येणारा ठरावीक झटका बहुतेक वेळा त्याचाच असतो. मॉड्स (इतरांनी बनवलेल्या जोडण्या) असतील तर एक रिकामा प्लेसेट (मॉड्सची यादी) बनवून तेच शहर उघडून बघा, पण आधी सेव्हची प्रत काढून ठेवा आणि चाचणीत त्यावर पुन्हा सेव्ह करू नका.

पहिल्यांदा एखाद्या भागावर कॅमेरा नेताना येणारा क्षणभराचा झटका शेडर (जीपीयूसाठीचे छोटे चित्र-प्रोग्राम) तयार होण्याचा असतो, तो पुन्हा त्याच ठिकाणी येत नाही. ग्राफिक्सचा थर बदलला, किंवा क्रॉसओव्हर वा मॅकओएस अपडेट केलं, की तो काही काळ परत येऊ शकतो. म्हणून बदल केल्यावर पहिल्या दहा मिनिटांवरून मत बनवू नका.

उष्णतेबद्दल: एअरला पंखा नाही. तापलं की चिप आपोआप वेग उतरवते आणि कोणतीही सेटिंग ते पूर्णपणे टाळू शकत नाही. पण ते लांबवायला फ्रेम सेकंदाला ३० वर बांधून टाका. मोकळं सोडलं तर जीपीयू पहिल्या काही मिनिटांत पूर्ण जोर लावतो आणि नंतरचा तासभर त्याची किंमत मोजावी लागते. गादीवर किंवा मांडीवर न ठेवता मशीन कडक पृष्ठभागावर थोडं उचलून ठेवा, आणि सिस्टिम सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली लो पॉवर मोड बंद आहे ना ते पाहा. सोनोमा, म्हणजे मॅकओएस १४ पासून गेम मोड आहे, पण तो पूर्ण पडद्यावरच लागतो. मेनू बारमध्ये गेमपॅडचं चिन्ह दिसलं की तो चालू आहे.

आता पॅरलल्स का नको. त्यात एआरएमवरचं विंडोज ११ चालतं, तुमचा गेम त्या विंडोजच्या आत पुन्हा भाषांतरित होतो, आणि १६ जीबीची मॅक व विंडोज अशी वाटणी करावी लागते. आठ-आठ केले तर विंडोजचा स्वतःचा वाटा जाऊन गेमला फारच कमी उरतं. शिवाय डायरेक्टएक्स १२ तिथे नाही, म्हणजे ते मागणारे तुमचे इतर गेमही तिथे चालणार नाहीत. हलक्या, जुन्या गेमसाठी तो ठीक आहे, मोठ्या शहरासाठी नाही. इंटेल मॅकवाल्यांची गोष्ट वेगळी: त्यांनी बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज बसवण्याची ॲपलची सोय) वापरावं, तिथे मधले थर येतच नाहीत. एम मालिकेत ते उपलब्ध नाही.

इतर सिम्युलेशन गेम खेळत असाल तर मॅकची आवृत्ती आहे का ते आधी बघा. पहिला ‘सिटीज: स्कायलाइन्स’, ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’, ‘फार्मिंग सिम्युलेटर २५’, ‘ट्रान्सपोर्ट फीवर २’, ‘एक्स-प्लेन १२’ आणि ‘फॅक्टोरिओ’ हे सगळे मॅकसाठी आहेत. क्रॉसओव्हरमधल्या स्टीममधून ते उतरवले तर विंडोजची आवृत्ती येते आणि विनाकारण भाषांतराचा भार पडतो. मॅकच्या स्टीममधून उतरवा. पहिल्या ‘स्कायलाइन्स’मध्ये स्टीमच्या वर्कशॉपमधून (खेळाडूंनी बनवलेल्या वस्तूंच्या साठ्यातून) घेतलेली प्रत्येक इमारत वापरली नाही तरी मेमरीत लोड होते, त्यामुळे तिथे नको ती सदस्यत्वं काढणं हाच मोठा उपाय ठरतो.

मॅकओएस कोणतं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. सोनोमा असेल तर सेक्वोया, म्हणजे १५ वर जाणं उपयोगाचं आहे. त्यात रोझेटाला एव्हीएक्स२ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या काही खास) सूचना कळू लागल्या, आणि त्या सूचना मागणारे गेम आधी उघडतच नसत. पुढच्या अपडेटची घाई मात्र करू नका. सर्वसाधारण वापरासाठी रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच ठेवणार असल्याचं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय. तुमचा गेम रोझेटावर उभा आहे, तेव्हा त्यानंतरच्या आवृत्तीवर जाण्याआधी तो तिथे चालतो का याची खात्री करून घ्या.